पुसता येणारी खूण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या सरांच्या हाताखाली मी दोन वर्षं रसायनशास्त्र शिकलो. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी जे आज सभागृहात आहेत त्यांना सरांची एक सवय नक्की आठवत असेल. सर उजव्या हातानं लिहीत आणि डाव्या हातातलं डस्टर मागोमाग फिरत असे. आम्ही समीकरणाची एक बाजू उतरवून घेतोय तोवर ती फळ्यावरून गेलेली! कुणी कुरकुर केली की म्हणत, "फळा एकच आहे बाबांनो. पुसला नाही तर पुढचं कुठं लिहू?"

आम्ही तेव्हा हसायचो. पुढे चाळीस वर्षं मी प्रथिनांवर काम केलं आणि त्यातला बराचसा काळ सरांच्या त्या डाव्या हाताचाच अभ्यास करण्यात गेला. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, प्रथिनांवर बारीकसारीक रासायनिक खुणा करून ते निरोप आतपर्यंत कसे पोचतात, हे सगळं ओघात येईलच. पण मुद्दा डाव्या हाताचा.

सुरुवात एका कागदापासून करतो. खिशात घालूनच आणलाय. लॅबचा रिपोर्ट आहे, आणि माझाच आहे. एचबीएवनसी, ७.४. 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती. हा आकडा स्वतःच्या नाही तर घरातल्या कुणाच्या तरी रिपोर्टवर किती जणांनी पाहिलाय? हात वर करा जरा. पाहा! आता मला निम्मं भाषण सोपं झालं.

७.४ म्हणजे काय? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन हे प्रथिन ठासून भरलेलं असतं. माझ्या शंभरातल्या सातांहून थोड्या अधिक हिमोग्लोबिनच्या एका टोकाला ग्लुकोज चिकटून बसलाय. कुणी चिकटवला? कुणीच नाही. हे करायला कुठलंही विकर, म्हणजे एन्झाइम, लागत नाही. रक्तात साखर आहे, शेजारी प्रथिन आहे, दिवस जाताहेत. लोखंडाला गंज चढावा तशी साखर चढते. मधुमेह्यांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त दिसतं, हे १९६८ साली तेहरानच्या सॅम्युएल राहबार यांच्या लक्षात आलं, आणि पुढे त्यातूनच आजची ही तपासणी आली.

आता मला सांगा, हाही प्रथिनात झालेला रासायनिक बदलच आहे ना? आहे. मग हा निरोप आहे का? डॉक्टरांना आहे. ते कागद बघून चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. पण पेशीला? पेशीच्या लेखी तो नुसता गंज आहे. का बरं? खूण तर तीही आहे. हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. मी परत येतोच त्याच्याकडे, विसरलो तर आठवण करा.

आधी प्रथिनाची ओळख. विज्ञान शाखेच्या मंडळींनी दोन मिनिटं सोसावं. वीस अमिनो आम्लांच्या वर्णमालेतून लिहिलेला लांबच लांब शब्द म्हणजे प्रथिन. माणसाकडे असे शब्द लिहिणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत. इतक्या कमी शब्दांवर एवढा मोठा संसार चालतो कसा? मराठीत 'म' आणि 'र' ही दोनच अक्षरं घ्या. मर, मार, मोर, मेरू, मुरू. अक्षरं तीच राहिली, फक्त काना-मात्रा-उकार बदलले. पेशीसुद्धा हेच करते. तयार प्रथिनाला ती नंतर काना-मात्रा देते. कुठे फॉस्फेट जोडते, कुठे ॲसिटिल, कुठे मिथिल, कुठे साखरेची साखळी, कुठे चरबीची शेपटी. असे प्रकार शेकड्यांनी मोजता येतील. आज मी मुख्यतः फॉस्फेटचं बोलणार, कारण निरोपांच्या कामाला पेशी सर्वांत जास्त तेच वापरते.

ही मात्रा किती लहान असते? स्नायूंत फॉस्फोरिलेज नावाचं एक विकर आहे. साठवलेल्या ग्लायकोजेनमधून साखर सुटी करणं हे त्याचं काम. त्याच्या एका घटकाचं वजन साधारण ९७,००० डाल्टन, आणि त्याला लागणारं फॉस्फेट ८० डाल्टनचं. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खिशात ५० ग्रॅमचा बिस्किटपुडा टाकावा, इतकंच. पण हा पुडा साधा नाही. फॉस्फेटवर दोन ऋण विद्युतभार असतात. ते आजूबाजूच्या धनभारांना ओढतात, ऋणभारांना ढकलतात, आणि आठशेहून जास्त अमिनो आम्लांचा तो सगळा डोलारा कूस बदलतो. झोपलेलं विकर जागं होतं.

हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. थोडा वेळ घेऊन सांगतो.

अमेरिकेत सेंट लुईसला कार्ल आणि गर्टी कोरी हे दांपत्य होतं. १९४७ चं नोबेल मिळालेलं. फॉस्फोरिलेज दोन रूपांत सापडतं, हे त्यांनी दाखवलं होतं. 'ए' जागं आणि 'बी' झोपलेलं. 'बी'ला जागं करायला ॲडेनिलिक आम्लाची मदत लागे, 'ए'ला लागत नसे. त्यांच्याकडे काम केलेले एडविन क्रेब्स पुढे सिॲटलला गेले. १९५३ मध्ये तिथे जिनिव्हाहून एडमंड फिशर आले. फिशर जन्मले शांघायला, शिकले स्वित्झर्लंडमध्ये, आणि बटाट्यातल्या फॉस्फोरिलेजवर काम केलेले. बटाट्यातल्या विकराला त्या ॲडेनिलिक आम्लाची गरज पडत नव्हती, सशाच्या स्नायूतल्याला पडत होती. असं का, हे शोधायला दोघे बसले. त्याचं उत्तर त्यांना तेव्हा मिळालं नाही, हेही सांगून टाकतो. भलतंच काहीतरी मिळालं.

कोरींच्या पद्धतीत स्नायूचा अर्क गाळणकागदातून गाळायचा असे. हे काम किती कंटाळवाणं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. थेंब... थेंब... थेंब. या दोघांनी सोय पाहिली. गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून अर्क स्वच्छ केला. अर्क छान निवळला, पण त्यातून 'ए' काही मिळेना. नुसतं झोपलेलं 'बी'. नाइलाजानं पुन्हा गाळणकागद घेतला, आणि 'ए' हजर! आता कागदात असं काय असावं? त्यांनी कागद आधी नीट धुऊन घेतला. पुन्हा 'बी'. म्हणजे कागदात काहीतरी होतं आणि ते धुतलं जात होतं. ते निघालं कॅल्शियम. कागदातल्या मळाचं कॅल्शियम अर्कात उतरत होतं आणि त्यामुळे 'बी'चं 'ए' होत होतं. त्याला एटीपी नावाचा रेणूही लागत होता, कारण एटीपीवरचं एक फॉस्फेट उचलून प्रथिनाला डकवलं जात होतं. १९५५ साली हे छापून आलं. डकवणाऱ्या विकराला आपण आज कायनेज म्हणतो. हा सरांचा उजवा हात.

पण कागदातल्या कॅल्शियमनं कायनेज जागं का व्हावं? कारण जिवंत स्नायू आकसतो तेव्हा त्यात कॅल्शियमच पसरतं. 'आकसा' आणि 'साखर मोकळी करा' हे दोन्ही हुकूम एकाच हलकाऱ्याच्या हाती दिलेले. वाटीतल्या मेलेल्या अर्काला गाळणकागदानं खोटी आरोळी ऐकवली, आणि बिचारा अर्क फसला. धुतलेला कागद वापरण्याइतकी स्वच्छता पहिल्या दिवसापासून पाळली असती तर?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. प्रथिनाला फॉस्फेट असतं, ही काही १९५५ ची बातमी नव्हती. दुधातल्या केसीनला फॉस्फेट असतं हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. त्या फॉस्फेटच्या बळावरच केसीन इतकं कॅल्शियम धरून ठेवतं. विरजण लावलं की आंबटपणानं ते कॅल्शियम सुटतं आणि दूध घट्ट बसतं. पण बाळासाठी बांधून दिलेली ती शिदोरी, असंच सगळे समजत होते. फिशर आणि क्रेब्स यांच्या कामात नवं काय होतं? त्यांचं फॉस्फेट निघत होतं. 'ए'चं पुन्हा 'बी' करणारं दुसरं विकर पेशीत होतंच. कोरींना ते आधीच दिसलं होतं, फक्त ते नेमकं काय काढून घेतं हे कळलं नव्हतं. आता कळलं. त्याला आपण फॉस्फटेज म्हणतो. हा डावा हात. दोघांना नोबेल मिळालं १९९२ मध्ये. सदतीस वर्षांनी!

डाव्या हाताची महती मला स्वतःला कशी पटली, ते थोडक्यात सांगतो. संशोधक विद्यार्थी म्हणून माझं पहिलं काम होतं पेशींना इन्सुलिन द्यायचं आणि एका प्रथिनावर फॉस्फेट चढलेलं दाखवायचं. पेशींना किरणोत्सर्गी फॉस्फरस खाऊ घालायचा, इन्सुलिन टाकायचं, मिनिटभरानं बशी बर्फावर ठेवून पेशी फोडायच्या, प्रथिनं जेलमध्ये वेगळी करायची आणि वर एक्स-रे फिल्म ठेवायची. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमधून फिल्म वर काढली की काळी रेघ दिसायला हवी. मला दिसायची नुसती स्वच्छ फिल्म. आठवड्यामागून आठवडे. मला वाटायचं, आपल्याला खूण करताच येत नाहीये.

एक दिवस शेजारच्या टेबलावरचे एक वडीलधारे संशोधक म्हणाले, "अरे, पेशी फोडताना फ्लोराइड घालतोस का? व्हॅनेडेट?" मी घालत नव्हतो. ही दोन्ही फॉस्फटेजना थोपवणारी रसायनं. म्हणजे झालं होतं असं, की मी पेशी फोडल्या, पेशी मेल्या, तरी बर्फावरच्या त्या रश्श्यात फॉस्फटेज आपलं काम करत बसलं होतं. माझी रेघ उमटत होती आणि मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत पुसली जात होती. पुढच्या खेपेला दोन्ही घातली. फिल्मवर रेघ आली. सुबक नव्हती, जरा तिरकीच होती, पण मी ती फिल्म अजून ठेवली आहे.

आता जिवंत शरीरात येऊ. अंधारात पायाखाली काहीतरी सळसळतं. तुम्ही उडी मारता. उडी मारायच्या आत काय काय झालं, ते सोडा. उडीनंतर पळायला लागणारी साखर कशी सुटली ते बघू. ॲड्रेनलिन रक्तात आलं. ते पेशीच्या आत जात नाही, दारावरची कडी वाजवतं. दाराच्या आतल्या बाजूला जी-प्रथिन नावाचा पहारेकरी आहे. तो जागा होतो आणि एका विकराला चालू करतो. ते विकर चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर बनवतं. हा रेणू अर्ल सदरलँड यांनी शोधला, त्याबद्दल १९७१ चं नोबेल. चक्रीय एएमपी एका कायनेजला जागं करतो, ते दुसऱ्या कायनेजला फॉस्फेट लावतं, आणि ते दुसरं आपल्या ओळखीच्या फॉस्फोरिलेजला. दर पायरीला एकाचे अनेक होतात. तुम्ही पळता. आणि वळून बघता तर ती दोरी असते!

मग? साखर सुटतच राहते का? नाही. आणि सगळी मेख इथे आहे. दर पायरीवर पुसणारा बसलेला आहे. चक्रीय एएमपी तोडणारं विकर आहे, फॉस्फेट काढणारं आहे, आणि तो पहारेकरी जी-प्रथिन तर स्वतःच स्वतःला बंद करतो. सोसायटीच्या जिन्यातला टायमरचा दिवा आठवा. बटण दाबलं की लागतो, थोड्या वेळानं आपोआप विझतो. जी-प्रथिनाला जीटीपी नावाचा छोटा रेणू चिकटला की दिवा लागला. जी-प्रथिन तो जीटीपी हळूहळू तोडतं, की दिवा विझला.

आणि हा टायमरच कुणी अडकवून ठेवला तर?

हा प्रश्न माझा नाही. महाराष्ट्रातल्या, बंगालमधल्या, सगळ्या हिंदुस्थानातल्या गावांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगलाय. आपण त्याला पटकी म्हणत होतो. गावाच्या शिवेवर मरीआईचं देऊळ असतं ना? पटकीची ती देवी. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा, पोतराजानं अंगावर कोरडे ओढायचे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेवर पटकीची सावली असायची. सकाळी धडधाकट असलेला माणूस तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबांनी संध्याकाळपर्यंत जायचा. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी अंगातून जातं. एवढं पाणी येतं कुठून? आतडं फाटत नाही, सडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याचं अस्तर जवळजवळ शाबूत असतं. मग?

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात दाखवला. तो काहीतरी विष सोडत असावा असं त्यांना वाटत होतं. ते विष पुढची पंचाहत्तर वर्षं कुणाला नीट पकडता आलं नाही. ते पकडलं कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधायचा आणि त्यात जंतू नव्हे, तर जंतू वाढवून गाळून घेतलेलं नुसतं पाणी सोडायचं. जंतू एकही नाही, तरी तो तुकडा पाण्यानं टम्म फुगला. १९५९ साली 'नेचर'मध्ये दीड-दोन पानांत छापून आलं. त्याच वर्षी आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या तिघांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून तेच सांगितलं. परळच्या त्या इमारतीवरून मी कितीदा गेलोय, पण हे मला पन्नाशीनंतर कळलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत डे यांचं नाव अजूनही शोधावं लागतं. यावर मी जास्त बोललो तर माझा रक्तदाब वाढेल, म्हणून पुढे जातो.

त्या विषाचं काम काय, हे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उलगडलं, आणि ते अक्षरशः आजच्या विषयाच्या मध्यभागी येऊन बसतं. विषाचा एक तुकडा आतड्याच्या पेशीत शिरतो. त्याला जी-प्रथिन सापडतं. आपल्या पहारेकऱ्याच्या आर्जिनिन या एका ठरावीक अमिनो आम्लावर तो तुकडा एक रासायनिक गाठोडं बांधतो, एडीपी-रायबोज नावाचं. बस्स, एवढंच. पण ते आर्जिनिन नेमकं टायमरचं आहे! जीटीपी तोडायला तेच लागतं. आता दिवा लागला तो लागला. चक्रीय एएमपी बनतोय, बनतोय, बनतोय. कायनेज जागं आहे. आतड्यात ते फॉस्फोरिलेजला नव्हे, तर क्लोराइडच्या दरवाजाला फॉस्फेट लावतं. दार सताड उघडं. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी.

लक्षात आलं का? सापाला घाबरून पळताना जी साखळी वापरली, तीच ही. तोच पहारेकरी, तोच चक्रीय एएमपी, तेच कायनेज. जंतूनं नवं काही बनवलं नाही. त्यानं फक्त एक डावा हात बांधून ठेवला.

मग रोगी बरा कसा होतो? अनेक वर्षं मी वर्गात हे नीट सांगत नव्हतो. ते गाठोडं पेशीला वेळेत काढता येत नाही. पण आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुळातच तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. फळा पुसता आला नाही, म्हणून शरीर फळाच बदलतं! प्रश्न एवढाच, की ते चार दिवस माणूस तग कसा धरणार?

तेही याच पेशीत दडलेलं होतं. क्लोराइडचं दार सताड उघडं असलं, तरी बाजूची एक खिडकी विषानं बिघडत नाही. तिथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी फुटली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पिंपात कालवला आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूंचं प्रमाण तिथे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तीच आपली जलसंजीवनी. आशाताई घरोघर देतात ती पुडी. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं.



पटकीत डावा हात बांधला गेला. कधी उजवा हात वेडा होतो. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर हे फॉस्फेट कुठल्या अमिनो आम्लावर चढतं ते बघत होते. तोवर दोनच जागा ठाऊक होत्या. त्या दिवशी त्यांनी ताजं द्रावण करायचा कंटाळा केला आणि जुनंच वापरलं. शिळं झाल्यामुळे त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, १.९ ऐवजी १.७ झाला होता. तेवढ्या फरकानं एक डाग दोन डागांत फुटला, आणि तिसरी जागा सापडली. टायरोसिन! आधी मळका कागद, नंतर शिळं द्रावण. या विषयावर स्वच्छतेचे फार उपकार नाहीत.

टायरोसिनवरचं फॉस्फेट दुर्मिळ. पेशीतल्या हजार फॉस्फेटांत एखादंही सापडणं कठीण. पण पेशीनं वाढावं की नाही, दुभंगावं की नाही, असले निरोप तेच नेतं. आता क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात काय होतं बघा. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले जातात आणि एक जोडजनुक तयार होतं. त्यातून आलेलं कायनेज कधीच विझत नाही. सतत लिहीत सुटतं, 'वाढा, वाढा'. डावे हात पुसून पुसून थकतात. त्या कायनेजला एटीपी धरायची जी खोबण असते, तिच्यात जाऊन बसणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. २००१ मध्ये तिला मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर शंभरातले ८९ रुग्ण जिवंत होते. याआधी त्या आजाराचं नाव काढलं की घरात चूल पेटत नसे. तिच्या भारतातल्या पेटंटचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १ एप्रिल २०१३ रोजी कलम ३(ड) च्या आधारे पेटंट नाकारलं गेलं. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. स्वस्त गोळी मिळत राहिली. न्यायालयात ज्या गोळीवरून भांडण चाललं होतं, तिची बसायची खोबण काही अणूंच्या रुंदीची.

पुसणं म्हणजे दरवेळी 'थांबा' असंही नाही बरं का. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला सायक्लोस्पोरिन देतात. पांढऱ्या पेशीत एक प्रथिन फॉस्फेटच्या ओझ्यानं बाहेर ताटकळत असतं. कॅल्सिन्यूरिन नावाचं फॉस्फटेज ते ओझं उतरवतं, तेव्हाच ते केंद्रकात शिरून 'हल्ला करा' म्हणतं. सायक्लोस्पोरिन त्या कॅल्सिन्यूरिनलाच अडवतं. म्हणजे इथे पुसणं हाच हुकूम होता. आणि युबिक्विटिनची खूण तर आणखी निराळी. महापालिका धोकादायक इमारतीवर नोटीस डकवते तशी ही अख्खी ७६ अमिनो आम्लांची चिठ्ठी. लागली की ते प्रथिन पाडायचं. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावर. पण तीसुद्धा पाडकामाच्या आधी सोडवून घेणारी विकरं पेशी ठेवतेच.

आता माझा कागद. कुणीच आठवण केली नाही, पण मी विसरलो नाही.

हिमोग्लोबिनवरची साखर का निरोप नाही? कारण तिला डावा हात नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढे दिवस साखर साचत राहते आणि शेवटी पेशीबरोबरच जाते. म्हणून ती तीन महिन्यांची बेरीज असते. काल श्रीखंड खाल्लं की परवा उपास केला, हे तिला सांगता येत नाही. निरोप व्हायचं तर 'आता' आणि 'मघाशी' यांत फरक करता यायला हवा. तांबड्या पेशीचं त्यात एक बरं, की ती तरी जाते. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मभर बदलत नाहीत. तिथे चढलेली साखर तिथेच राहते, आणि मधुमेह्याला मोतीबिंदू लवकर येण्याचं ते एक कारण.

आणि इन्सुलिन? ते पेशीच्या दारावर कडी वाजवतं तेव्हा दार स्वतःच स्वतःच्या टायरोसिनांवर फॉस्फेट लावून घेतं. हे १९८२ मध्ये कळलं. त्या फॉस्फेटांच्या निरोपावरून साखर आत घेणाऱ्या खिडक्या पेशीच्या पृष्ठभागावर येतात. ती फॉस्फेटं पुसतं कोण? हे विकर शुद्ध रूपात पहिल्यांदा हाती आलं १९८८ मध्ये, मानवी वारेतून, आणि कुणाच्या प्रयोगशाळेत म्हणाल? सिॲटलच्या त्याच एडमंड फिशर यांच्या. निक टाँक्स हा तरुण सहकारी आणि अडुसष्ट वर्षांचे फिशर. उजव्या हातानं नाव मिळवलेला माणूस म्हातारपणी डाव्या हाताच्या मागे लागला होता. विकराचं नाव पीटीपीवनबी. १९९९ साली माँट्रियलच्या मंडळींनी हे विकर नसलेले उंदीर तयार केले. त्यांना इन्सुलिन जास्त मानवत होतं, आणि तेलकट-तुपकट चारूनही ते लठ्ठ होत नव्हते. आता हसताय, पण तेव्हा मीही मनात म्हटलं होतं, झालं, पाच वर्षांत गोळी!

गोळी अजून आलेली नाही. ज्या खोबणीत फॉस्फेट बसतं, तिथं अडकणारं औषध फॉस्फेटसारखंच विद्युतभारित करावं लागतं, आणि असा रेणू पेशीच्या तेलकट पडद्यातून आत जाता जात नाही. शिवाय त्याच घराण्यातली शंभराहून अधिक भावंडं आहेत, सगळ्यांची खोबण जवळजवळ सारखीच. एकाचा हात धरायला जावं तर दुसऱ्याचा सापडतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. संपवतोच. माझी पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तिच्यात मोजल्या जाणाऱ्या तांबड्या पेशींतल्या बऱ्याचशा अजून माझ्या रक्तातही नाहीत. त्यांतल्या काही मी इथे उभा राहून बोलत असताना हाडांच्या मगजात तयार होताहेत, अजून कोऱ्या. बाहेर आयोजकांनी चहा ठेवलाय असं दिसतंय. माझा बिनसाखरेचा. प्रश्न असतील तर विचारा.